जरा वर घ्या!

"ताई, तुमच्या हातनं कधी काही मोडलंय का हो?"

बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न आला आणि मी गप्पच झाले. विषय चालला होता ड्रोनचा. केंद्र सरकारनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. देशातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपयांची मदत सरकारची, आणि गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण, अशी ती योजना. २०२४ च्या पावसाळ्यात बार्शी तालुक्यातल्या आमच्या एका गटात मी हे मोठ्या उत्साहानं सांगत होते. त्या गटात एक बारावी झालेली सून आहे. हिशेबाची वही मोत्यासारख्या अक्षरात लिहिणारी. मी म्हटलं, "तूच जा." ती म्हणाली, "लाखांची वस्तू, ताई. माझ्या हातनं पडली तर घरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही." मी नेहमीसारखं 'भीती सोडा, बाई काय नाही करू शकत' हे भाषण सुरू केलं, तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला. उद्धटपणे नाही, अगदी सहज.

घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. बी. ए. झाले, लग्न झालं, मुलं झाली, गटांचं काम सुरू केलं. पण मोडेल, पडेल, लोक हसतील असं काही मी गेल्या वीस वर्षांत हातात घेतलंच नव्हतं. दुसऱ्यांना मात्र रोज सांगत होते!

कपाटावर लेकाचं रिमोटचं हेलिकॉप्टर धूळ खात पडलं होतं. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि ते मागं राहिलं. वजन २५० ग्रॅमच्या आत, लांबी माझ्या हाताएवढी. मी ते खाली काढलं. आमचे हे म्हणाले, "आता मंडईत हेलिकॉप्टरनं जाणार का?" सासूबाई म्हणाल्या, "जायचं तर जा, पण आधी पदर खोच." (हा सल्ला किती मोलाचा होता ते पुढं कळलं. पाती सुरू असताना सुटा पदर, ओढणी, मोकळे केस अजिबात नकोत.)

रात्री लेकाला फोन केला. तो आधी हसला, मग शिकवू लागला. म्हणाला, "आई, यात दोनच दांड्या आहेत. डावी पुढं ढकललीस की वर जाईल, मागं घेतलीस की खाली. तीच आडवी हलवलीस की तोंड फिरेल. उजवी दांडी ज्या बाजूला नेशील, त्या बाजूला ते झुकेल आणि सरकेल." ऐकायला किती सोपं! मी विचारलं, "शेपटीला तो छोटा पंखा कशाला?" तो म्हणाला, "मिक्सर एकदम फुल स्पीडवर सुरू केला की ओट्यावर कसा झटका देतो? पाती एकीकडं, मिक्सर दुसरीकडं. तसंच वरचा पंखा एकीकडं फिरला की हेलिकॉप्टरचं अंग उलट फिरायला बघतं. शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो." इतकी वर्षं मिक्सर वापरतेय, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्याच्या सांगण्यावरून पहिले पंधरा दिवस मी फक्त घरच्या कॉम्प्युटरवर उडवलं. त्याला सिम्युलेटर म्हणतात. हातात रिमोट खरा, हेलिकॉप्टर पडद्यावर. तिथं मी ते किती वेळा आपटलं याची गणतीच नाही, पण पैशाचं नुकसान शून्य.

मग खरी वेळ आली. घरात जागा नाही, गच्चीवर वारा. आमच्या गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय आहे. चातुर्मासात लग्नं नाहीत, हॉल रिकामा. तिथल्या राखणदार मामांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, उडवा की, फक्त झुंबर सांभाळा." लेकानं सांगितल्याप्रमाणं पतंगाच्या काड्या हेलिकॉप्टरच्या पायांना फुलीसारख्या बांधल्या, चार टोकांना टेबल टेनिसचे चार बॉल लावले. तोल गेला तरी चटकन कलंडत नाही. शिकाऊ सायकलीला मागं दोन छोटी चाकं असतात ना, तसंच.

पहिल्या दिवशी ते उडालंच नाही, घसरलं. मी भीतीनं ते जमिनीपासून चार बोटं वर ठेवायची. वाटायचं, पडलं तरी एवढ्यावरून काय मोडेल? पण ते इकडून तिकडं सरकायचं. मी घाबरून दांडी जोरात उलटी मारायची, ते दुप्पट वेगानं दुसरीकडं जायचं. तिसऱ्या दिवशी खुर्च्यांच्या थप्पीवर आदळलं आणि दोन्ही पाती तुटली.

खरं सांगते मैत्रिणींनो, डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा खेळण्यासाठी! मामा तुकडे गोळा करत होते, मला लाज वाटत होती. त्या सुनेला कसं वाटत असेल, हे मला त्या क्षणी खऱ्या अर्थानं कळलं.

लेक फोनवर शांतपणे म्हणाला, "पाती मोडायचीच, आई. सुटी मिळतात, पाकिटं मागवून ठेव. आणि एक चूक सुधार. जरा वर घे." मी ओरडलेच, "अरे, वरून पडलं तर?" तो म्हणाला, "जमिनीजवळच जास्त पडतं. पात्यांनी खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटते आणि खवळते. त्या हवेवर ते फरशीवरच्या गोटीसारखं घसरत राहतं. कमरेएवढं वर गेलं की हवा शांत मिळते, आणि चूक झाली तर सावरायला वेळही मिळतो."

पाती बदलली. दुसऱ्या दिवशी श्वास रोखून डावी दांडी थोडी जास्त ढकलली. गुडघा... मांडी... कंबर. आणि ते थांबलं! हवेत, एका जागी, घूं घूं करत. मोजून पाच सेकंद. मामांनी टाळ्या वाजवल्या.

यालाच होव्हर म्हणतात, आणि यात हात स्थिर ठेवून चालत नाही. उजव्या हाताचा अंगठा सतत केसाएवढा हलत असतो. उकळी आलेल्या दुधाकडं बघतो ना, तसं बघायचं; उतू गेल्यावर गॅस बंद करून उपयोग नाही, चढायला लागलं की कमी करायचा. झुकलं की लगेच हलका स्पर्श द्यायचा, आणि दांडी लगेच मधे आणायची.

सुरुवातीला शेपटी आपल्याकडं ठेवायची, म्हणजे त्याचं डावं ते आपलं डावं. मला ते जमायला महिना लागला. मग पुढचा धडा: तोंड आपल्याकडं. आता सगळं उलटं! त्याचं उजवं आपल्या डावीकडं. इथं पुन्हा दोनदा पाती गेली. शेवटी एक युक्ती कामी आली. ते समोरून ज्या बाजूला कलतंय, त्याच बाजूला दांडी न्यायची, जणू पडत्या भिंतीला टेकू देतोय.

एक गोष्ट वाचून मला फार धीर आला. इगोर सिकोर्स्की या संशोधकानं १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत आपलं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचललं, तेव्हा ते दोरांनी बांधलेलं होतं आणि उडालं काही सेकंदच. चालवायला तो स्वतःच बसला होता, डोक्यावर हॅट घालून. वय वर्षं ५०! माझी तर पन्नाशी अजून लांब आहे.

कुणाला शिकावंसं वाटलं, तर थोडं सांगते. अगदी नवख्यांसाठी एकावर एक दोन पंखे असलेली हेलिकॉप्टर मिळतात. ते पंखे उलटसुलट फिरतात, त्यामुळं ती स्वभावानं शांत असतात. सुरुवात त्यांनी करावी. आपण चार-पाच पावलं लांब उभं राहावं, मुलांना आपल्या मागं ठेवावं. आपटतंय असं वाटलं की सगळ्यात आधी डावी दांडी पूर्ण खाली घ्यावी. फिरतं पातं जमिनीला लागलं की जास्त मोडतोड होते. बॅटरी लिथियमची असते. ती आपल्या नजरेसमोरच चार्ज करावी, रात्रभर लावून झोपू नये. फुगलेली दिसली तर वापरणं बंद. एका चार्जिंगला माझं पाच-सहा मिनिटं चालतं, तेवढ्यात मान आणि खांदे भरून येतात! २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र हौसेखातर उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. तरी विमानतळाजवळ आणि गर्दीवर ते नेऊ नये. फवारणीच्या मोठ्या ड्रोनला मात्र रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र हवंच.

दिवाळीआधी मी त्या सुनेला कार्यालयात बोलावलं. आधी मोडक्या पात्यांचा डबा तिच्या हातात दिला. म्हटलं, "मोज." ती मोजत गेली आणि हसत गेली. मग रिमोट दिला. तिनंही ते जमिनीला चिकटवूनच ठेवलं, आणि तेही घसरत जाऊन खांबाला धडकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी काही बोलले नाही. फक्त नवीन पाती आणि स्क्रू ड्रायव्हर पुढं केला. दहा मिनिटांत तिनं पाती बसवली, माझ्यापेक्षा नीट. दुसऱ्या खेपेला मी मागून म्हटलं, "जरा वर घे." तिनं घेतलं.

मी तिला सांगितलं, "ड्रोन यापेक्षा शहाणा असतो गं. हात सोडले तरी तो उपग्रहाच्या आधारानं आपल्या जागी थांबतो. हे सावरलंस, तर तेही जमेल."

त्या खेपेला आमच्या गटाचा नंबर लागला नाही, हे खरं. पण मासिक बैठकीत तीच उठून म्हणाली, "ताई, पुढं कधी असलं प्रशिक्षण आलं, तर माझं नाव पहिलं घाला." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या तिच्या. त्या काही बोलल्या नाहीत. वहीत मी नाव लिहिलं.

मोडक्या पात्यांचा डबा आता मी बैठकीला सोबतच नेते. भाषण करत नाही. कुणी म्हणालं, "माझ्या हातनं मोडलं तर?" की डबा उघडून पुढं ठेवते.