रंगातले शिसे आणि आपली मुले

दिवाळीच्या रंगकामाचे दिवस होते. एक आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. "डॉक्टर, हा खिडकीच्या रंगाचे पोपडे खातो. जंत झाले असतील का?" मला काळजी वाटली ती जंतांची नव्हे, शिशाची. मी त्याच्या रक्तातील शिशाची तपासणी करायला सांगितली.

जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या व लाल रंगांत, शिसे असू शकते. पोटात गेलेले शिसे मुले मोठ्यांपेक्षा ४ ते ५ पट अधिक शोषून घेतात. त्यामुळे रक्त कमी होते, बुद्धीची वाढ खुंटते आणि ते नुकसान सहसा भरून येत नाही.

"पण आता यावर कायदा आहे ना?" आईने विचारले. आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून अधिक चालत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून हे बंधन लागू आहे. पण ते नव्या डब्यापुरते. खिडकीवरचा जुना रंग कायदा उतरवून देत नाही.

म्हणून जुना रंग कोरडा घासू देऊ नका, ओला करून घासायला सांगा. तेवढे दिवस मुलांना दुसरीकडे ठेवा. फरशी ओल्या फडक्याने पुसा. जेवणापूर्वी मुलांचे हात धुवा. आणि नवा डबा घेताना त्यावरील शिशाची नोंद जरूर वाचा.