पाळक एक, मंडळी लाखांची

बदलते चर्च : लेखांक ६

मागच्या लेखांकात अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या प्रवचनकारांविषयी वाचलेत. त्यांचा श्रोता घरी बसलेला असतो. तो उठून चर्चमध्ये आला, त्याच्यासारखे आणखी हजारो आले, तर त्यांना सांभाळायचे कोणी? आजचा लेख या एकाच प्रश्नावर आहे.

दर आठवड्याला सरासरी दोन हजार किंवा त्याहून अधिक माणसे उपासनेला येतात, अशा प्रोटेस्टंट चर्चला अभ्यासक मेगाचर्च म्हणतात. वसईच्या कॅथलिक वाचकाला हा आकडा फार मोठा वाटणार नाही. पण पॅरिशला हद्द असते. तुम्ही कुठे राहता, यावरून तुमचे चर्च ठरते. मेगाचर्चला माणसे शहराच्या चारी कोपऱ्यांतून येतात आणि बहुधा एका माणसाला ऐकायला येतात. जमेची बाजू तीच, आणि धोकाही तिथेच.

जगातले सर्वांत मोठे मेगाचर्च अमेरिकेत नाही, दक्षिण कोरियात सोलला आहे. १९५८च्या मे महिन्यात शहराच्या कडेच्या एका गरीब वस्तीत चोई जा-शिल या बाईंच्या घरी पहिली उपासना झाली. उपदेश केला चो योंग-गी या तरुणाने. ऐकायला कोण, तर चोईबाई, त्यांची तीन मुले आणि पाऊस चुकवायला आत शिरलेली एक म्हातारी. चोईबाई पुढे चो यांच्या सासूबाई झाल्या. कोरियन युद्ध संपून पाचच वर्षे झाली होती. लोक उपाशी होते, आजारी होते. चो स्वतः क्षयातून उठलेले. देव आत्म्याबरोबर शरीरालाही बरे करतो आणि पोटाचीही काळजी घेतो, हा त्यांचा संदेश त्या वस्तीला थेट भिडला. तंबू आला, मग १९६१मध्ये इमारत आली आणि मंडळी दोन हजारांच्या पुढे गेली.

तोवर सगळे काम चो एकटेच करत होते. उपदेश, बाप्तिस्मे, घरभेटी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. १९६४मध्ये एका रविवारी शेकडो लोकांना बाप्तिस्मा दिल्यावर ते व्यासपीठावरच कोसळले. वय अठ्ठावीस. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना निर्गमच्या अठराव्या अध्यायातला इथ्रो आठवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्यानेच लोकांचा न्याय करत बसलेल्या मोशेला, ‘तू थकून जाशील, काम वाटून दे,’ असे सांगणारा त्याचा सासरा. मंडळीची घरोघर लहान गटांत विभागणी करावी, असे चो यांनी ठरवले. चर्चमधल्या जबाबदार पुरुषांपुढे त्यांनी कल्पना मांडली, तर त्यांनी हात वर केले: आम्ही दिवसभर राबतो, हे काम पाळकाचे. मग चो बायकांकडे वळले. बायका हो म्हणाल्या. त्या काळच्या कोरियन समाजात बाईने शिकवावे आणि लोकांनी ऐकावे ही मोठीच गोष्ट होती, आणि खुद्द चो यांनाही ती सहज पचली नव्हती.

या गटाला कोरियनमध्ये ‘कुयॉक’ म्हणतात. बैठक साधारण शुक्रवारी, कोणाच्या तरी घरी. दाराशी बुटांची रांग लागते. जमिनीवर गोल करून बसायचे, एक-दोन गीते म्हणायची, चर्चने छापलेल्या पुस्तिकेतला त्या आठवड्याचा धडा वाचायचा. मग प्रत्येकीने आपली अडचण सांगायची. नवऱ्याची नोकरी गेली, मुलाची परीक्षा आहे, सासू झोपून आहे. त्यानंतर सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायची. कोरियन चर्चची ही जुनीच रीत. कोण आले, कोण आले नाही, याची नोंद वर जाते. जो आला नाही, त्याच्या घरी गटाची पुढारी स्वतः जाऊन येते. गटात दहा-पंधरा कुटुंबे झाली की त्याचे दोन करायचे आणि दुसऱ्यासाठी नवी पुढारी तयार करायची.

आता शहराकडे पाहा. १९६०मध्ये सोलची लोकसंख्या चोवीस लाखांच्या आसपास होती; १९९०मध्ये ती एक कोटीच्या वर गेली. खेड्यांतून आलेल्या, कारखान्यांत राबणाऱ्या, शेजाऱ्याचे नावही न कळणाऱ्या माणसांना या गटात कोणीतरी नावाने हाक मारणारे मिळाले. १९७३मध्ये चर्च हान नदीतल्या योइदो बेटावर गेले. रविवारी एकामागून एक सात उपासना होऊ लागल्या, सभागृहात जागा न मिळालेले लोक बाजूच्या दालनांत पडद्यावर पाहू लागले. १९९३पर्यंत सभासद सात लाखांवर गेले. यातल्या बहुतेकांशी चो आयुष्यात एकदाही बोलले नसतील. पाळकाचे काम दुभंगले होते. वचन सांगणे एका पुरुषाकडे राहिले, माणसे सांभाळणे हजारो बायकांकडे गेले. मेगाचर्चच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही दुसरी बाजू, आणि तिच्याबद्दलच सर्वांत कमी लिहिले जाते.

बायकांच्या हातून अशी सेवा होण्याचा एक आधीचा नमुना आपल्याकडेही आहे. १९०५मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुनरुज्जीवनाची लाट आली, तेव्हा पंडिता रमाबाईंच्या मुलींच्या प्रार्थना-टोळ्या आसपासच्या गावांत जात. तिथल्या मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेले पुस्तक चिलीपर्यंत पोहोचले आणि १९०९च्या तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली.

योइदोत सगळे गोड होते असे नाही. गट वाढवायचा ताण पुढारी बाईवर पडे. कारभार पाहणारे वडीलपद कित्येक दशके पुरुषांकडेच राहिले. आणि २०१४मध्ये न्यायालयाने चो यांना दोषी ठरवले. मुलाच्या मालकीचे शेअर चर्चने चढ्या भावाने घेतले होते आणि चर्चला सुमारे तेरा अब्ज वॉनचा फटका बसला होता. शिक्षा निलंबित झाली. तक्रार केली होती ती चर्चमधल्याच काही वडिलांनी. एवढे होऊनही चर्च मोडले नाही. शुक्रवारच्या बैठका चालूच राहिल्या.

सिएटलच्या मार्स हिल चर्चचे मात्र उलटे झाले. १९९६मध्ये सुरू झालेल्या या चर्चची पुढे पंधरा ठिकाणे झाली आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल यांचा उपदेश पडद्यावर दाखवला जाई. त्यांच्या हडेलहप्पी वागण्याच्या तक्रारी वाढल्या, ऑक्टोबर २०१४मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि वर्ष संपता संपता अख्खे चर्च विसर्जित झाले. तिथेही छोटे गट होते, पण सगळे उभे होते एका आवाजावर.

शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चने १९७५मध्ये एका सिनेमागृहात सुरुवात केली आणि चर्चला न येणाऱ्यांसाठी सोपी, आकर्षक उपासना बसवली. जगभरच्या पाळकांनी ती उचलली. २००७मध्ये त्याच चर्चने स्वतःची पाहणी छापली: कार्यक्रमांना हजेरी वाढली म्हणून माणसे देवावरच्या प्रेमात वाढतात असे नाही. स्वतःविरुद्ध जाणारा असा निष्कर्ष जाहीर करायला धैर्य लागते, ते त्यांनी दाखवले. पण २०१८मध्ये संस्थापक बिल हायबल्स यांच्यावर स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केले, तेव्हा चर्चच्या वडिलांनी आधी हायबल्स यांचीच बाजू घेतली. हायबल्स यांनी आरोप नाकारले आणि पद सोडले. काही महिन्यांनी सर्व वडिलांनी त्या स्त्रियांची माफी मागून राजीनामे दिले.

मुंबई-पुण्यातही आता भाड्याच्या सभागृहांत, पडदे आणि वाद्यवृंदासह मोठ्या मंडळ्या भरतात. त्या चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. नवे सभागृह शोधण्याआधी आजाऱ्याच्या घरी कोण जाते, त्यांची यादी करा. त्यांत बायका जास्त निघतील. त्यांना चर्चच्या हिशोबाच्या बैठकीत मतासह जागा द्या, आणि पाळकाविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या समितीतही.