पाणी आणि धातुमळी (लेखांक ६) : भट्टीच्या अस्तराचा प्रश्न

पोलाद करताना वेगळी होणारी चुनायुक्त धातुमळी, म्हणजे कारखान्यांत जिला सरसकट ‘स्लॅग’ म्हणतात ती, सांडपाण्यातील फॉस्फेटचा साका कसा पाडते हे मागील लेखांकात आले. मळीतून पाण्यात उतरणाऱ्या क्रोमियम व व्हॅनेडियमचा विचार या वेळी व्हावयाचा होता. परंतु सावनेरहून आलेल्या एका पृच्छेमुळे तो पुढील आठवड्यावर जात आहे. नागपूरच्या आसपासच्या पोलाद भट्ट्यांची मळी गावच्या सांडपाण्यासाठी वापरता येईल काय, अशी ती पृच्छा असून तिचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे, आणि त्या नकाराचे कारण भट्टीच्या अस्तरात सापडते.

नागपूर परिसरातील काय किंवा जालन्यातील काय, लहान पोलाद कारखान्यांत बहुधा विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी असते. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवणाऱ्या या भट्टीला आतून सिलिकेच्या भुकटीचे, कामगार ज्याला ‘रॅमिंग मास’ म्हणतात त्याचे, अस्तर ठोकून बसवलेले असते. सिलिका आम्लधर्मी आणि चुना अल्कधर्मी असल्याने भट्टीत चुना फार पडला तर तो अस्तरच खाऊ लागतो. म्हणून तेथे चुना टाळला जातो आणि निघणारी मळी सिलिका व लोह-मँगॅनीजच्या ऑक्साइडांनी भरलेली, पण मोकळ्या चुन्यावाचूनची असते. अशा मळीच्या पृष्ठभागावर थोडे फॉस्फेट चिकटते, ज्याला अधिशोषण म्हणतात, परंतु लोह काचसदृश सिलिकेटांत अडकलेले असल्याने ही चिकटण्याची क्रिया लवकरच थकते.

हेन्री बेसेमर याच्या 1856 च्या परिवर्तकालाही असेच आम्लधर्मी अस्तर होते. त्यामुळे खनिजातील फॉस्फरस पोलादातच राही आणि थंडीत ते पोलाद ठिसूळ होई. लंडनच्या न्यायालयातील कारकून सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने रसायनज्ञ चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याच्या साहाय्याने 1878-79 च्या सुमारास डोलोमाइटचे अल्कधर्मी अस्तर वापरून भट्टीत चुना घातला, तेव्हा फॉस्फरस मळीत उतरला, आणि ती दळलेली मळी युरोपात खत म्हणून विकली जाऊ लागली. एके काळी शेताला फॉस्फेट पुरवणाऱ्या मळीच्याच कुळातील मळी आज पाण्यातून ते काढून घेते, ही हकीकत क्रमिक पुस्तकांत अधिक जागा मिळण्यास पात्र आहे. दोन्ही ठिकाणी काम चुन्याचेच आहे.

सावनेरला सोयीची अशी चुनायुक्त मळी मोठ्या प्रमाणावर मिळण्याचे ठिकाण म्हणजे 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेले भिलाई, आणि ते सुमारे तीनशे किलोमीटरांवर आहे. न्यूझीलंडमधील वायुकू येथे 1993 पासून ग्लेनब्रूक कारखान्याच्या मळीचे थर वापरले गेले. पहिली पाच वर्षे त्यांनी पाण्यातील सुमारे तीन चतुर्थांश फॉस्फरस काढला, मग क्षमता घसरली आणि तोवर टनामागे जेमतेम एक किलोच्या आसपास फॉस्फरस अडकला होता. तेथे कारखाना शेजारीच होता. इतक्या तुटपुंज्या पकडीसाठी भिलाईहून मालगाडीचे भाडे भरणे परवडणारे नाही. तालुक्यातच असलेल्या खापरखेडा वीज केंद्राची राख फुकट मिळाली, तरी भारतीय कोळशाच्या राखेत चुना कमी असल्याने तिच्यावरही भिस्त ठेवता येत नाही.

मळीची जात ओळखण्यास प्रयोगशाळा लागतेच असे नाही. ताज्या मळीची भुकटी स्वच्छ पाण्यात ढवळून सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, कागदी पट्टीने पाहावा. तो अकराच्या पुढे गेला तर चुना आहे, आठ-नऊच्या आत राहिला तर त्या ढिगामागे वेळ दवडू नये. दोन पावसाळे उघड्यावर भिजलेल्या ढिगाचे नमुने फसवे ठरतात, कारण हवेतील कर्बवायूने वरच्या चुन्याची चुनखडी झालेली असते. त्यासाठी आतला खडा फोडून घ्यावा.

चांगली मळी हाती आली तरी तिचा थर नाल्याच्या पात्रात घालू नये. इतके अल्कधर्मी पाणी सरळ कोलार नदीत गेल्यास मासे मरतील. म्हणून थर बाजूच्या टाकीत घालून बाहेर पडणारे पाणी उथळ तळ्यात हवेच्या संपर्कात ठेवावे आणि सामू उतरल्यावरच पुढे सोडावे. वापरून झालेली मळी शेतात टाकता येईल काय, हा पृच्छेचा दुसरा भाग क्रोमियमच्या हिशेबावर अवलंबून असल्याने त्याचा विचार पुढील लेखांकात होईल.