कवड्यांचा बिबट्या

काही वर्षांपूर्वी इथल्या एका संग्रहालयात मणी आणि कवड्यांनी मढवलेला एक लाकडी बिबट्या पाहिला. पाठीवर गोल बैठक. खालच्या पाटीवर 'आसन, कॅमेरून' एवढेच. मला वाटले, हाताशी दुसरे काही नसेल म्हणून बिचाऱ्यांनी कवड्या लावल्या असतील. 'कवडीमोल' हा शब्द ऐकत वाढलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार! पुढे वाचत गेलो, तेव्हा कळले की माझा समज नेमका उलटा होता.

पश्चिम कॅमेरूनच्या डोंगराळ, गवताळ प्रदेशात बामिलेके लोकांची अनेक छोटी राज्ये आहेत. राजा प्रसंगी बिबट्याचे रूप घेतो, अशी तिथली श्रद्धा. मारलेला बिबट्या राजाकडेच पोचवावा लागे. हत्ती आणि रानरेडा हेही राजसत्तेचेच प्राणी. म्हणजे बिबट्याच्या आसनावर बसणारा राजा एका अर्थी स्वतःच्याच दुसऱ्या रूपावर बसलेला असतो.

घडवण्याची रीत अशी. आधी लाकडातून प्राणी कोरायचा. त्यावर कापड घट्ट ताणून शिवायचे. मग त्या कापडावर मणी आणि कवड्या टाचायच्या. कोरीव कामातले बारकावे या थराखाली झाकले जातात. म्हणून आकार ठसठशीत ठेवतात आणि बाकीचे काम रंगांवर सोपवतात. संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांनी चित्र उमटते, तसाच हा प्रकार. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके इथे बहुधा त्रिकोण होऊन येतात. कुओसी या प्रतिष्ठित मंडळाचे सदस्य समारंभात हत्तीचे कापडी मुखवटे घालून नाचतात. त्यांना मोठे गोल कान असतात आणि सोंडेसारखी लांब पट्टी पुढे लोंबते. त्यांवरही हेच त्रिकोण दिसतात.

आता कवड्यांविषयी. त्या मूळच्या आपल्या हिंदी महासागरातल्या, विशेषतः मालदीवच्या. व्यापाऱ्यांच्या जहाजांतून त्या पश्चिम आफ्रिकेत गेल्या आणि तिथे चलन बनल्या. काचेचे मणी व्हेनिस आणि बोहेमियाहून आले. असा दुर्मिळ माल कोणी वापरायचा, हे राजा ठरवी. तेव्हा तो बिबट्या गरिबीने नव्हे, अक्षरशः पैशाने मढवलेला होता! तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ पाहून हात जोडणाऱ्या मला हे आधीच सुचायला हवे होते.

शेजारच्या बामुम राज्याचा राजा न्जोया याने १९०८ साली जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याला मणी-कवड्यांनी मढवलेले सिंहासन भेट दिले. त्याच्या बैठकीवर दोन तोंडांचे साप आहेत. द्यायची होती प्रतिकृती. ती वेळेत झाली नाही, म्हणून वडिलांचे मूळ सिंहासनच गेले. ते आज बर्लिनमध्ये आहे. राज्य जर्मनांच्या अमलाखाली असताना दिलेल्या या वस्तूला निव्वळ भेट म्हणावे का, हा वाद अजून चालू आहे.

मध्यंतरी त्या संग्रहालयात पुन्हा गेलो. बिबट्या तिथेच होता. पाटीही तीच, 'आसन'. ते कोणाचे, हे मात्र तिने अजून सांगितलेले नाही.