शिकारीसाठी शस्त्रांसह परदेशप्रवास

शिकारीसाठी शस्त्रांसह परदेशप्रवास म्हणजे परवानाधारक व्यक्तीने स्वतःची बंदूक अथवा रायफल आणि तिची काडतुसे सोबत घेऊन, जेथे शिकार कायद्याने अनुज्ञेय आहे अशा देशात तात्पुरते जाणे व ते शस्त्र मायदेशी परत आणणे होय. भारतात छंद म्हणून शिकार करण्यास बंदी आहे. त्यामुळे भारतीय परवानाधारकास अशी शिकार कायदेशीररीत्या परदेशातच करता येते. या प्रवासासाठी शस्त्र बाळगण्याचा परवाना, ते सीमेपलीकडे नेण्याची मुभा, विमानकंपनीची संमती, यजमान देशाचा तात्पुरता आयात परवाना आणि तेथील शिकारीचा परवाना या पाच बाबी लागतात. त्या परस्परांपासून स्वतंत्र असून एक हाती असली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथील माळरानांवर चिंकारा, काळवीट, लांडगा, ससा, तितर व लावे हे प्राणी-पक्षी परंपरेने आढळत आले आहेत. शिरूर अर्थात घोडनदी येथे ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी छावणी होती. संस्थानिक, जहागीरदार व ब्रिटिश अधिकारी यांच्यासाठी शिकार हा करमणुकीचा व प्रतिष्ठेचा भाग होता, तर या भागात वस्ती असलेल्या फासेपारधी समाजासाठी ती उपजीविका होती. फासे लावून पशुपक्षी पकडण्याच्या कौशल्यावरूनच या समाजाला हे नाव पडले. ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणलेल्या जमातींची त्या कायद्यातून १९५२ साली मुक्तता झाली. पुढे वन्यजीवविषयक कायद्यामुळे फासेपारध्यांचा पारंपरिक व्यवसायही बेकायदेशीर ठरला.

भारतातील शिकारबंदी

वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली. त्यानंतर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ संमत झाला. मूळ अधिनियमात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली आणि छंदाच्या शिकारीचा मार्ग पूर्णपणे बंद झाला.

चिंकारा, काळवीट, लांडगा, बिबट्या व मोर हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहेत. त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची व दंडाची शिक्षा होऊ शकते. गुन्ह्यात वापरलेले व जप्त केलेले शस्त्र आणि वाहन शासनाच्या मालकीचे होते. बंदूक परवान्याची आहे, हा बचाव येथे लागू पडत नाही, कारण शस्त्रपरवाना हा शिकारीचा परवाना नव्हे.

अधिनियमात मोजके अपवाद आहेत. एखादा प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल आणि त्यास पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्यास ठार करण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्राणरक्षणासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही.

शिरूर व दौंड तालुक्यांतील शस्त्रपरवाने

या दोन्ही तालुक्यांच्या ग्रामीण भागातील रहिवाशास शस्त्रपरवान्यासाठी पुणे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. पोलिसांचा चौकशी अहवाल आल्यावर निर्णय होतो. आत्मसंरक्षण, पीकसंरक्षण व क्रीडा ही परवाना मागण्याची प्रमुख कारणे होत. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये संरक्षण वा क्रीडेसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

पीकसंरक्षणाच्या परवान्याने पिकात शिरलेल्या संरक्षित प्राण्यावर गोळी झाडण्याचा अधिकार मिळत नाही. रानडुकरासारख्या उपद्रवी प्राण्याबाबतही वनविभागाची परवानगी लागते. कालव्यांच्या पाण्यामुळे उसाचे क्षेत्र वाढले आणि उसात बिबट्याचा वावरही वाढला. त्यामुळे हा प्रश्न या भागात तीव्र झाला आहे. शिरूर तालुका जुन्नर वनविभागाच्या कार्यक्षेत्रात येतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह ग्रामस्थांचा बळी गेला. तीव्र जनक्षोभानंतर वनविभागाने रीतसर परवानगी घेऊन नेमबाजांकरवी एका बिबट्यास ठार केले. अशी कारवाई शासनाने नेमलेल्या व्यक्तींनीच करावयाची असते. खाजगी परवानाधारकास ती परस्पर करता येत नाही.

शस्त्र देशाबाहेर नेणे

शस्त्र अधिनियमाच्या कलम १० नुसार परवान्याशिवाय कोणतेही शस्त्र वा दारूगोळा भारतात आणता अथवा भारताबाहेर नेता येत नाही. तथापि, शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीस ते स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात नेण्या-आणण्याची सूट त्याच कलमात आहे. ही सूट केवळ भारतीय कायद्यापुरती मर्यादित असून विमानतळावरील तपासणी व यजमान देशाचे नियम यांना ती लागू होत नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी येणाऱ्या परदेशी पर्यटकास क्रीडेपुरते शस्त्र आणू देणारी तरतूदही या कलमात आहे, परंतु शिकारबंदीमुळे अशा शस्त्राने भारतात शिकार करता येत नाही.

प्रवासापूर्वी परवान्याची मुदत आणि वैधतेचे क्षेत्र तपासणे आवश्यक असते. काही परवाने केवळ राज्यापुरते वैध असतात. असा परवानाधारक मुंबईहून निघू शकतो, मात्र दिल्लीमार्गे जाण्यासाठी त्यास परवान्याचे क्षेत्र वाढवून घ्यावे लागते. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. अशा वेळी ठरलेला प्रवास रद्द करावा लागू शकतो.

निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांसमोर शस्त्र जाहीर करून, त्याचा क्रमांक नमूद असलेले निर्यात प्रमाणपत्र घेणे हिताचे असते. परतीच्या वेळी तेच शस्त्र परत आणले आहे, याचा हा पुरावा ठरतो. तो नसल्यास शस्त्र नव्याने आयात केल्याचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

विमानप्रवासाचे नियम

शस्त्र व काडतुसे प्रवाशाच्या हातातील सामानात ठेवता येत नाहीत. रिकामे केलेले शस्त्र कुलूपबंद व टणक पेटीतून, विमानकंपनीस आगाऊ कळवून, नोंदणीकृत सामानात पाठवावे लागते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांनुसार, विमानकंपनीच्या संमतीने, प्रत्येक प्रवाशास वेष्टनासह ५ किलोग्रॅमपर्यंत काडतुसे नेता येतात. दोन प्रवाशांची मर्यादा एकत्र करून एकाच पेटीत अधिक काडतुसे भरता येत नाहीत. सुटी बंदुकीची दारू सामानातून नेण्यास पूर्ण मनाई आहे. त्यामुळे ठासणीची बंदूक नेली तरी तिची दारू सोबत नेता येत नाही.

मधल्या विमानतळावर विमान बदलावयाचे असल्यास त्या देशाचीही परवानगी लागू शकते. विशेषतः सामान ताब्यात घेऊन पुन्हा सोपवावे लागत असेल, तर याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करणे आवश्यक असते.

शिकारीस वापरलेल्या जुन्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावरील तपासणीत सापडल्याचे प्रकार वारंवार घडतात. अशा प्रवाशावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. काडतुसाचा ताबा जाणीवपूर्वक नव्हता असे दिसून आल्यास न्यायालये गुन्हा रद्द करतात, परंतु तोवर प्रवास हुकतो आणि न्यायालयीन खेपा सुरू होतात.

यजमान देशांचे नियम

दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या आयातीसाठी पोलिसांचा ५२० क्रमांकाचा अर्ज काळ्या शाईने भरावा लागतो. स्वाक्षरी तेथील पोलीस अधिकाऱ्यासमोर करावयाची असते. शिकार-सहल आयोजकाचे निमंत्रणपत्रही जोडावे लागते.

नामिबियात प्राण्याच्या आकारानुसार गोळीच्या किमान ऊर्जेची अट आहे. स्प्रिंगबॉकसाठी १,३५० ज्यूल, कुडू व ओरिक्ससाठी २,७०० ज्यूल आणि हत्ती वा रानरेड्यासाठी ५,४०० ज्यूल ऊर्जा लागते. प्राणी जखमी होऊन तडफडत राहू नये, हा या अटीचा हेतू आहे.

अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर जाणाऱ्यास शस्त्र नेण्यासाठी संघीय आयात परवाना लागतो. त्यासाठी तेथील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना सादर करणे हा सर्वसाधारण मार्ग आहे.

नेपाळमध्ये ढोरपाटन हे एकमेव शिकार राखीव क्षेत्र असून तेथे निळ्या मेंढ्यांची शिकार ठरावीक संख्येपुरती अनुज्ञेय आहे.

अनेक देशांत आयोजकाकडून बंदूक भाड्याने मिळते. कागदपत्रांची दगदग टाळण्यासाठी अनेक शिकारी स्वतःचे शस्त्र न नेता हा पर्याय स्वीकारतात.

शिकारचिन्हे परत आणणे

शिंगे, कातडे, दात इत्यादी शिकारचिन्हे मायदेशी आणणे हा शस्त्र आणण्याहून वेगळा प्रश्न आहे. संकटग्रस्त वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ करारात भारत १९७६ पासून सहभागी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या अंमलबजावणीसाठी वन्यजीव अधिनियमात स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. परदेशात कायदेशीर शिकार केली असली, तरी आवश्यक परवान्यांवाचून आणलेली शिकारचिन्हे जप्त होतात.

क्रीडा नेमबाजीशी तुलना

महाराष्ट्रातून शस्त्रांसह परदेशी जाणाऱ्यांमध्ये क्रीडा नेमबाजांचाही समावेश होतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळवले, तर कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले. खेळाडूंच्या मागे राष्ट्रीय संघटना व स्पर्धेचे आयोजक उभे असतात. खाजगी शिकाऱ्यास मात्र प्रत्येक परवानगी स्वतः मिळवावी लागते आणि प्रत्येक चुकीची जबाबदारी त्याच्यावरच राहते.

मतभेद

शिकार-सहलींच्या शुल्कातून वन्यजीव संवर्धनास व स्थानिक समाजास पैसा मिळतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. छंदासाठी प्राण्यांचा जीव घेणे अनैतिक आहे, तसेच हा पैसा स्थानिकांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, असा विरोधकांचा आक्षेप आहे. भारताने शिकारबंदीचा मार्ग स्वीकारला आहे. दौंडलगतच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरचे असून ते चिंकाऱ्यांसाठी ओळखले जाते. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव मोर पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांमुळे प्रसिद्ध झाले आहे.

हेही पहा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
शस्त्र अधिनियम, १९५९
मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य
फासेपारधी