मधल्या षटकांतील मनगटी फिरकी

मनगटी फिरकीपटू मनगटाच्या झटक्याने चेंडू वळवतो. त्यामुळे खेळपट्टीची साथ नसली तरी वळण मिळते, शिवाय उलट वळणारी गुगली हाताशी असते. एकदिवसीय सामन्यांत ऑक्टोबर २०११पासून दोन्ही टोकांनी नवा चेंडू आला. पुढे मधल्या षटकांत वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक उरले. त्यामुळे नुसत्या धावा रोखणाऱ्या फिरकीची धार बोथट झाली. गडी बाद करणे हाच धावा रोखण्याचा खात्रीचा उपाय ठरला. २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सहा एकदिवसीय सामन्यांत भारताच्या मनगटी फिरकीपटूंपैकी कुलदीप यादवने १७ आणि युझवेंद्र चहलने १६ बळी घेतले. भारताने मालिका ५-१ अशी जिंकली. पण मनगटी फिरकीची ही कला फार अवघड. टप्प्यावर हुकमत यायला वर्षे लागतात, तोवर धावा जातातच. म्हणून वयोगटाच्या संघांत महागड्या षटकानंतरही कर्णधाराने मनगटी फिरकी टाकणाऱ्या मुलाच्या हाती पुन्हा चेंडू द्यायला हवा.