व्यवहार थांबतात तेव्हा

संवत्सरीच्या दिवशी आपल्या पेढ्या बंद असतात. काही वर्षांपूर्वी एका परिचित व्यापारी बंधूंनी परदेशी ग्राहकास हे कळविताना ‘क्लोज्ड’ऐवजी ‘शट डाउन’ असे शब्द योजले. ग्राहकाची समजूत झाली की पेढीच गुंडाळली! खुलासा होईपर्यंत मागणी दुसरीकडे गेली होती. तेव्हापासून इंग्रजी बोलणारा माणूस थांबण्याला काय काय म्हणतो, याकडे माझे लक्ष लागून राहिले.

कामकाज ठप्प झाले की इंग्रजीत ‘ग्राउंड टु अ हॉल्ट’ असा प्रयोग हमखास येतो. आपली मुले येथे ‘ग्राउंड’ म्हणजे जमीन समजतात. वस्तुतः ते ‘ग्राइंड’ म्हणजे दळणे, घासणे या क्रियापदाचे भूतकाळी रूप होय. दातेरी चाके करकरत, एकमेकांवर घासत, अखेर अडून राहतात, असे ते चित्र आहे. म्हणूनच क्षणार्धात थांबलेल्या गोष्टीपेक्षा रखडत रखडत बंद पडलेल्या व्यवहारास ते अधिक शोभते. ‘ग्रिडलॉक’ म्हणजे चौकटीचौकटींच्या रस्त्यांवर प्रत्येक चौक अडून वाहनांना जणू कुलूप लागणे. १९८० साली न्यूयॉर्कमधील वाहतूक कर्मचाऱ्यांच्या संपात हा शब्द सर्वतोमुखी झाला.

‘स्ट्राइक’ची कथा मात्र खास व्यापाऱ्यांनी ऐकावी अशी आहे. १७६८ साली लंडनच्या बंदरात वेतनासाठी खलाशांनी व्यापारी गलबतांची शिडे उतरवून ठेवली. शीड उतरविण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘स्ट्राइक’ म्हणत, तेच नाव पुढे संपास मिळाले. पण हा शब्द झाला श्रमिकाचा. दुकानदार स्वतःच्या हाताने आपल्याच दुकानास टाळे लावतो, त्याला काय म्हणावे? येथे इंग्रजीने आपल्या बाजारातून उसनवारी केली. हाट आणि टाळे मिळून झालेला ‘हरताळ’ आज इंग्रजी कोशात आहे. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींच्या हाकेने देशभर पाळला गेला, तो हाच.

राहिला ‘स्टँडस्टिल’, स्थिर उभे राहणे. मला तो वाचताना कायोत्सर्ग आठवतो, पण इंग्रजी वृत्तपत्रांत तो अडलेल्या गाड्यांसाठीच झिजतो. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात गतीला साहाय्य करणारे धर्मद्रव्य आणि स्थितीला साहाय्य करणारे अधर्मद्रव्य सांगितले आहे. त्याचा परंपरागत दृष्टान्त वाटसरूचा : झाडाची सावली त्याला अडवीत नाही, थांबू इच्छिणाऱ्यास ती आधार होते. घासणे, अडणे, कुलूप लागणे या इंग्रजी शब्दांत ही सावली मला कोठे आढळली नाही.

आमचे ते बंधू आता संवत्सरीपूर्वी ‘क्लोज्ड फॉर वन डे’ असे लिहितात आणि खाली पेढी पुन्हा उघडण्याची तारीख न विसरता घालतात.